हातखंब्याच्या चढावरचे पाणी

१८ जून १९३४

चि. भिकाजी,

तुझा पत्ता गिरगावच्या यमुनाबाईंकडून मिळाला. आपल्याकडची वीस-पंचवीस माणसे त्यांच्या खाणावळीत जेवतात, तेव्हा तूही तिथेच पानावर बसत असशील हा माझा अंदाज बरोबर ठरला. त्या लिहितात की तू परळच्या एका गॅरेजात लागलास, प्रकृती बरी आहे, आणि घरचा विषय काढला की पानावरून उठतोस. भरल्या पानावरून उठू नये. एवढे तरी तुझ्या वहिनीने तुला शिकवले होते.

मी तुला परत बोलावण्यासाठी लिहीत नाही. गाडीचे काम आहे म्हणून लिहितो. तू गेल्यापासून व्हॅन खळ्यात उभी आहे. पावसाच्या आधी मी तिच्यावर झावळ्यांचा मांडव घातला. एका बाजूने गळतो, पण इंजिनाची बाजू कोरडी आहे. गाव तिला अजून 'मास्तरांची पेटी' म्हणते. टपालखात्याने लिलावात काढलेली गाडी पेटीसारखीच दिसायची. आता तर ती हलतही नाही, तेव्हा नाव अगदी शोभते.

घडले ते क्रमाने लिहितो, म्हणजे पुढे गैरसमज नको. मेच्या सव्वीस तारखेला हंगामातली शेवटची बोट होती. आपण पालीहून सात उतारू घेऊन रत्नागिरी बंदराकडे निघालो. तू हाकत होतास, मी शेजारी बसलो होतो. हातखंब्याच्या चढावर इंजिनाला उकळी फुटली. तू गाडी बाजूला घेतलीस आणि पाण्यासाठी गंगुबाईंच्या घरी गेलास. विहीर रस्त्याला लागून असताना तू त्यांच्या न्हाणीच्या चुलीवरचे गरम पाणी मागत बसलास आणि वेळ घालवलास. मग गाडीत पाणी घातले गेले. कोसभर पुढे गेल्यावर इंजिन पांढरी वाफ टाकत बंद पडले. बोट निघून गेली. उतारूंतल्या अलीला मुंबईत ज्या मोठ्या आगबोटीवर हजर व्हायचे होते, तीही त्याच्याविना सुटली आणि त्याची नोकरी गेली. पुढे देवळात काय झाले ते तुला ठाऊक आहे. मी तुला दोष देत नाही. तो कौल देवीचा होता, माझा नव्हता.

आता कामाचे. इंजिनाचे हेड, म्हणजे सिलिंडरांवर बसणारे ते जड लोखंडी झाकण, फुटले असावे. मुंबईच्या जुन्या बाजारात आपल्या बनावटीचे मिळाले तर पाठव, आणि त्याखाली घालायची तांब्याची पातळ गॅस्केटही पाठव. बसवीन मी. गाडीबरोबर आलेले इंग्रजी पुस्तक माझ्याजवळ आहे आणि पावसाळाभर दुसरा उद्योग नाही. पंचवीस वर्षे मी पोरांना अपूर्णांक शिकवले. बारा नट काही मला भारी नाहीत.

तांदूळ मात्र अजून दोघांचेच वैरले जातात. उरलेला भात सकाळी फोडणीला टाकतो, तेव्हा काही वाया जात नाही.

काशीराम

३ जुलै १९३४

चि. भिकाजी,

उत्तर नाही. पावसाने टपाल उशिरा चालते असे मी धरून चाललो आहे. पोस्टमन वळणावर दिसला की मी हल्ली घरात जातो, म्हणजे त्याला मान हलवायचा त्रास नको.

हेड निघाले. मी एकट्याने काढले असे लिहिणार होतो, पण तू मुंबईत असलास तरी इथल्या बातम्या तुला कळणारच. नट मात्र सगळे मी एकट्याने सोडवले. आठ दिवस रोज सकाळी त्यांना रॉकेल पाजत होतो. अकरा सुटले, बाराव्याने तीन दिवस घेतले आणि माझ्या डाव्या अंगठ्याचे साल काढले. पुस्तकात पुढे लिहिले आहे, 'आता हेड उचलावे.' लिहिणाऱ्याने कधी उचललेले दिसत नाही. ते जागचे हलेना. मी धोपाटणे घेऊन चारी बाजूंनी ठोकत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला, "मास्तर, धोपटून कापडाचा मळ निगतो. हेड न्हाय निगत."

अली होता. ज्याची नोकरी आपल्या गाडीपायी गेली तो अली पावसासाठी डोक्यावर पोते घेऊन माझ्या खळ्यात उभा होता. माझ्याच शाळेत तो तिसरीपर्यंत शिकला, मग आगबोटीच्या इंजिनात कोळसा ओढायला गेला आणि आठ वर्षांत तेलवाला झाला. तो येईल असे मला वाटले नव्हते. खरे तर तो शिव्या द्यायला आला असेल असे वाटून मी धोपाटणे खाली ठेवले नाही.

मी काढून ठेवलेले प्लग त्याने परत बसवायला लावले आणि मला म्हणाला, "हँडल फिरवा. आतली हवाच हेड उचलील, तुमी बगत राव्हा." मी हँडल मारले. तिसऱ्या फेऱ्याला आतून फस्स झाले आणि हेड आपले आपण बोटभर वर आले. एवढी साधी गोष्ट पुस्तकात नाही. तेलाचा बोळा काढला तर तेल ताकासारखे पांढरे होऊन गळले. त्यात पाणी मिसळले होते.

मग त्याने हेड पडवीत उलटे घातले, रॉकेल चोळले, कोरडे पुसले आणि खडू मागितला. माझ्या घरात तांदूळ नसतील, खडू असतोच. खडूची पूड चोळल्यावर दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मध्ये चार बोटे लांबीची काळी ओली रेघ हळूहळू उमटली. तडा. अली बराच वेळ त्या रेघेकडे पाहत बसला. मग काही म्हणाला. ते इंजिनाविषयीचे होते, इथे लिहिण्यासारखे नाही.

दुपारी तो माझ्याकडे भाकरी आणि सुक्या बांगड्याचे कालवण जेवून गेला. दोघांचे रांधलेले त्या दिवशी पुरते संपले.

हेडचे विसरू नकोस.

काशीराम

१६ जुलै १९३४

चि. भिकाजी,

खोके पोचले. रेल्वेने कोल्हापूर आणि तिथून बैलगाडीने अंबा घाट उतरून आले. गाडीवान म्हणाला, "मास्तर, ह्येच्यात कुनी मढा भरलाय काय? बैलं तीनदा बसली." दोघांनी धरून पडवीत आणले.

गाडीवान जाईपर्यंत थांबलो आणि मग उघडले. हेड जुने असले तरी असे घासून दिले आहेस की बोट फिरवले तर सरकते. गॅस्केट दोन फळ्यांच्या मध्ये बांधलेली, जरादेखील वाकलेली नाही. मी पेंढा बाजूला काढला. मग त्याची काडी न् काडी निवडली. गोणपाट उलटे करून झटकले. तेव्हा एक घडी केलेला कागद पडला.

कागदावर बारा वर्तुळे आणि त्यांत एक ते बारा आकडे आहेत. एक मधोमध, दोन त्याच्या शेजारी, तिथून आलटून पालटून टोकांपर्यंत. नट कोणत्या क्रमाने आवळायचे त्याचा तो तक्ता आहे, हे मला कळले. मागची बाजू पाहिली, ती कोरी आहे. उजेडातही धरून पाहिले. 'दादा' एवढेही कुठे नाही. सातचा पाय तू अजून लहानपणासारखाच लांब ओढतोस. त्यावरून मी तुला एकदा छडी मारली होती आणि तुझ्या वहिनीने मला दोन दिवस जेवायला वाढले नव्हते.

मला राग आला हे लपवत नाही. एवढे लोखंड घासायला तुला सवड झाली, एक ओळ लिहायला झाली नाही. संध्याकाळपर्यंत राग गेला. तो कागद मी पोथीच्या फळीवर ठेवला आहे. तेलाचे हात त्याला लावत नाही.

आता अली काय म्हणाला ते लिहितो. तो म्हणाला, "मास्तर, लोक म्हनतात तशी विनापान्याची गाडी हाकली तर पिस्टन धरतो, सिलिंडरला वरखडे पडतात. हितं एक वरखडा न्हाय. ह्यो तडा तापल्या लोखंडावर गार पानी पडल्याचा हाय. आमच्या बोटीवर असं कुनी केला तर सारंग त्याला लाथ घालून परत कोळशात धाडतो." आणि मग विचारले, "गार पानी वतला कुनी?"

मी म्हटले, तेलाची बुधली आत राहिली, ती आणतो. आत जाऊन बुधली शोधली, ती माझ्या हातातच होती. बाहेर आलो तेव्हा तो पिस्टनवरची काजळी खरवडत होता. त्यानंतर तो रोज येतो आणि पुन्हा काही विचारत नाही. कानाशी कोणी ओरडले तर सहन होईल, पण हा माणूस खरवडत बसतो.

अलीचे म्हणणे अगदीच चुकीचे आहे असे म्हणता येणार नाही. आज एवढेच लिहवते.

दादा

३१ जुलै १९३४

चि. भिकाजी,

गाडी चालू झाली. काल सकाळी नऊ वाजता.

गॅस्केटला दोन्ही अंगांनी अळशीचे तेल चोळून ती बसवली, वर अलीने आणि मी हेड उतरवले. मग तुझा तक्ता समोर धरून मी आकडे मोठ्याने म्हणत गेलो आणि अली आवळत गेला. एक, दोन, तीन. पहिल्या खेपेला नुसते टेकवले, दुसऱ्या खेपेला निम्मे, तिसऱ्या खेपेला पुरते. शाळेतून निवृत्त झाल्यावर इतक्या मोठ्याने मी आकडे म्हटले नव्हते. हँडल चौथ्या फेऱ्याला लागले. इंजिन आधी खोकले, धुराचा एक लोट टाकला आणि मग असे एकसुरी चालले की अली हसून खाली बसला. वाडीतली माणसे कुंपणापाशी आली. गंगुबाईंची लेक इथल्याच घरात दिली आहे ना, तिच्याकडे त्या आल्या होत्या, त्याही आल्या. सगळ्यांनी बरे झाले म्हटले. मग प्रत्येकाने ड्रायव्हरच्या जागेकडे पाहिले आणि एकेक करून घरी गेले.

मीही तिकडेच पाहत होतो. इंजिन अर्धा तास तसेच चालू ठेवले. बंद करवेना.

आता ते लिहितो. अलीच्या प्रश्नाला पंधरा दिवस झाले आणि मला धड जेवण जात नाही.

चढावर गाडी थांबली तेव्हा तू सगळ्या उतारूंदेखत म्हणालास, "दादा, दोन विड्या ओढून होईपर्यंत कुणी हात लावू नका. मी गरम पाणी आणतो." उतारू उतरून फणसाच्या सावलीला गेले. बोटीची घाई होती हे खरे, पण ते सगळे खरे नव्हे. ज्याला मी बोट धरून चालायला शिकवले त्याने मला चारचौघांत हात लावू नका म्हणावे, ते मला लागले. गाडी माझी, पेन्शन विकून मी घेतलेली, आणि मी हात लावायचा नाही. गंगुबाईंची भरलेली कळशी विहिरीच्या काठावर होती. ती मी उचलली आणि ओतली. आत टणकन आवाज झाला. फार मोठा नव्हे, पितळेच्या भांड्यावर चमचा आपटावा तेवढा. तो मला ऐकू आला होता, भिकाजी. ऐकू आला नाही असे मी दोन महिने स्वतःला सांगत होतो.

तू गरम पाण्याची कळशी घेऊन आलास, तेव्हा विहिरीची कळशी माझ्या पायाशी रिकामी पडली होती. तू एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलेस. मी म्हणालो, "चल, उशीर होतोय." तू गाडीत बसलास.

उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात हा धडा मी चौथीला दर वर्षी शिकवीत असे. दिव्याची तापलेली काच घेऊन तिच्यावर गार पाण्याचा थेंब सोडायचो. काच तडकली की पोरे टाळ्या वाजवायची. तूही त्या वर्गात बसला होतास.

आणि कौल. माझा कौलावर विश्वास नाही, हे गावाला माहीत आहे. ओली पाकळी दगडाला चिकटवली तर वाळली की पडायचीच, उजवी आधी वाळेल नाहीतर डावी, असे मीच सांगत आलो. गुरवाने देवीला विचारले की चूक हाकणाऱ्याची असेल तर उजवा दे, गाडीची असेल तर डावा दे. उजवी पाकळी पडली. तेव्हा मला सुटल्यासारखे वाटले. देवीवर विश्वास नसलेल्या माणसाने त्या दिवशी देवीचा आधार घेतला. पंच म्हणाले, भिकाजीने या गावची माणसे यापुढे हाकायची नाहीत. तू खांबापाशी उभा होतास आणि मी तुझ्यापासून चार हातांवर होतो. मी माझ्या छत्रीची मूठ पुसत राहिलो.

तुला मी वाढवले. आई गेली तेव्हा तू पाच वर्षांचा होतास. आम्हाला मूल झाले नाही, त्याची खंत तुझ्यामुळे वाटली नाही, असे तुझी वहिनी जाताना म्हणाली. चार वर्षे झाली तिला. ती असती तर तिने मला देवळातच हाताला धरून पुढे केले असते.

मी चुकलो आहे. हे तुला लिहिले. गावाला अजून सांगितलेले नाही.

दादा

२६ ऑगस्ट १९३४

चि. भिकाजी,

गावाला सांगितले.

परवा नारळी पौर्णिमेचे गाऱ्हाणे होते. सगळ्या वाड्यांची माणसे देवळात जमली होती. काशीराम मास्तरांना दोन शब्द बोलायचे आहेत म्हटल्यावर सगळ्यांना वाटले, स्वच्छतेवर व्याख्यान आहे. बाबल्या गुरव नुकताच थांबला होता, माणसे हात जोडून ओळीने उभी होती. मी पुढे झालो. दुसरी सुरुवात सुचेना म्हणून गाऱ्हाण्याच्याच सुरात सुरुवात केली. म्हटले, "हातखंब्याच्या चढावर गरम इंजिनात गार पाणी मी ओतले." सगळे सवयीने एका आवाजात म्हणाले, "व्हय म्हाराजा." मी म्हटले, "इंजिन माझ्यामुळे फुटले. भिकाजीची चूक नव्हती." पुन्हा, "व्हय म्हाराजा." मी म्हटले, "आणि हे ठाऊक असून मी कौलाच्या वेळी गप्प बसलो." तेव्हा कुणी काही म्हणाले नाही. शब्द आत पोचायला तेवढा वेळ लागला.

मग जो गलका झाला तो माझ्यावर नव्हता, देवीवर होता. बाबल्या रडवेला झाला. "म्हंजे देवी खोटा बोल्ली काय? उजवा माज्या डोल्यांदेखत पडला." माझे राहिले बाजूला आणि अर्धा तास देवीची बाजू मांडण्यात गेला. शेवटी म्हातारा विठू घाग उठला. तो म्हणाला, "देवीचा काय चुकला न्हाय. तुमी इचारलात, हाकनारा का गाडी? तिनं दोगांतला एक दिला. मास्तरांचा नाव कुनी घेतलाच न्हाय, मंग ती काय देनार?" ते सगळ्यांना पटले. देवी सुटली, बाबल्या सुटला, कौल मागे घेतला. तुझ्यावर आता काही नाही. उद्या येऊन हाकू लागलास तर पहिला उतारू विठू घागच असेल, असे तो सगळ्यांसमोर म्हणाला.

मला शिक्षा झाली. एक नारळ, आणि दसऱ्यापर्यंत आठवड्यातून एकदा देवळाचे आवार झाडायचे. काल पहिल्यांदा झाडले. ज्यांना मी कान धरून उभे केले होते ते बाप्ये बाजूला उभे राहून पाहत होते, कोणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते. वाडीत जाताना पूर्वी 'मास्तर, बसा' म्हणायचे, आता वाट देतात. मला हे अपेक्षित होते. अपेक्षित असले तरी रस्ता लांब वाटतो.

अली देवळाच्या दगडी गडग्याबाहेर उभा राहून ऐकत होता. परत येताना तो माझ्याबरोबर चालला. मी म्हटले, "अली, तुझी नोकरी मी घालवली." तो म्हणाला, "तडा बगितला तवाच मला कलला व्हता, मास्तर. माजी बोट काय आता मागं येनार न्हाय. भिकाजी येऊ दे, म्हंजे झाला." बंदर उघडले की पहिल्या बोटीने तोही मुंबईला जाणार, नव्या आगबोटीच्या शोधात. त्याची आई मैमुना मला दोष देत नाही, पण माझ्याकडे पाहतही नाही. त्याच्याविना खळ्यात कोण येईल हे मला माहीत नाही.

तू ये. मी पहिल्या पत्रात बोलावत नाही असे लिहिले होते, ते खोटे होते. गणपतीला ये.

दादा

५ सप्टेंबर १९३४

चि. भिकाजी,

तुझे पत्र सोमवारी आले. पोस्टमन वळणावर दिसला तेव्हा मी सवयीने आत गेलो होतो, त्याला ओटीवर चढून हाका माराव्या लागल्या. सहा ओळींचे आहे. पाठ झाले आहे, तरी तू काय लिहिलेस ते मला नीट कळले हे तुला दिसावे म्हणून इथे उतरवतो.

'दादांस सा. नमस्कार. पत्रे सगळी मिळाली. कळशी तुम्ही ओतली हे मला चढावरच कळले होते. मी देवळात थांबलो तो कौलासाठी नव्हे, तुम्ही बोलाल म्हणून. तुम्ही आदल्या दिवशी घरी मला एका शब्दाने म्हटले असते, की भिकाजी, एवढे तू अंगावर घे, तर मी आपणहून घेतले असते. तुम्ही म्हटले नाही. गणपतीला मी येत नाही. गाडी एकदा चालून गरम झाली की नट त्याच क्रमाने पुन्हा आवळावेत.'

नट आवळले. अर्ध्या अर्ध्या फेऱ्याने सगळेच बसले, तुझे बरोबर होते.

बाकीच्याचे उत्तर देतो. तू घेतले असतेस हे मला त्या दिवशीही ठाऊक होते. आदल्या दिवशी संध्याकाळी आपण दोघे ओटीवर होतो, तू खोबरे किसत होतास. मी म्हटले असते तर तू मान हलवून पुढे किसत राहिला असतास. म्हणूनच म्हटले नाही. तुला घे म्हणायचे तर आधी माझी चूक झाली असे म्हणावे लागले असते, आणि ते तुझ्या तोंडाकडे पाहून म्हणणे मला जमेना. गावाने तुला चोर ठरवले तरी चालेल, पण घरातल्या घरात मी तुझ्यापुढे चुकलेला नको. असा माणूस तुला वाढवत होता. मला आता त्याची भीती वाटते.

देवळात तीनशे माणसांपुढे बोललो ते सोपे नव्हते, पण आता कळते की ते त्यातल्या त्यात सोपे होते. तीनशे माणसे म्हणजे कोणीच नव्हे. कागदावर लिहिणे तर त्याहून सोपे; लिहिताना तुझे तोंड दिसत नाही. ज्याला म्हणायचे त्याला मी अजून म्हटलेलेच नाही.

म्हणून मी येतो आहे. येत्या शुक्रवारी बोट आहे. या दिवसांत मुंबईहून येणाऱ्या बोटी गणपतीच्या माणसांनी भरून येतात आणि जाताना रिकाम्या जातात, त्यामुळे जागा मिळेल. आपली गाडी खळ्यात उभी आहे. मी दुसऱ्याच्या मोटारीत बसून बंदरावर जाईन. अली त्याच बोटीने आहे, तो मला गॅरेज दाखवील. तेव्हा धक्क्यावर येऊ नकोस. तू आलास तर मी पुन्हा तुझ्या तब्येतीची चौकशी करीन, मोटारींच्या गर्दीवर बोलेन आणि मुद्द्याचे राहून जाईल. मी मला ओळखतो.

चतुर्थी बुधवारी आहे, गणपती आणायला मला घरी असायला हवे, म्हणून सोमवारच्या बोटीने परत निघेन. ये म्हणून आग्रह करायला येत नाही. मला एकच वाक्य बोलायचे आहे. तू काम सोडून उठू नकोस, ऐकून काही म्हणायलाही नको. गिऱ्हाईक असेल तर मी बाहेर थांबेन, तुझे हात मोकळे झाले की आत येईन.

तुझा,
दादा